उतारवयाची तरतूद आणि कायकाचा धर्म

उद्याची चिंता देवावर सोपवावी असे मानणाऱ्या माणसाने म्हातारपणासाठी पैसा बाजूला ठेवावा की नाही, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटत असला, तरी त्याच्या मुळाशी धर्मविचारातील एक जुना पेच आहे. गरजेपेक्षा अधिक साठवून ठेवणे, म्हणजे संचय, हा जवळजवळ प्रत्येक परंपरेने दोष मानला आहे. आणि माणसाने दुसऱ्यावर भार होऊन जगू नये, हेही त्याच परंपरांनी तितक्याच आग्रहाने सांगितले आहे. या दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळायच्या, तर हातपाय थकल्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांचे अन्नवस्त्र आणि औषधपाणी कोठून यावे, याचे उत्तर द्यावेच लागते. हा प्रश्न सोलापूरच्या संदर्भात तपासण्याजोगा आहे. कारण श्रमालाच पूजा मानणारा विचार या शहराच्या ग्रामदैवताशी जोडलेला आहे, आणि आयुष्यभर श्रम करूनही उतारवयात रिकाम्या हाताने उरलेली माणसे याच शहराच्या पेठांत राहतात.

भवानी पेठ, तिच्यातील घोंगडे वस्तीसारख्या दाट वस्त्या आणि यंत्रमागांच्या खडखडाटाने ओळखला जाणारा शहराचा पूर्व भाग येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा कानावर पडतात. या भागांतील श्रमाचा इतिहास कापूस आणि तंबाखू या दोन वस्तूंभोवती फिरतो. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी गिरणी, उभी राहिली आणि तिच्यामागोमाग इतर गिरण्या आल्या. ही जुनी गिरणी ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने 1950 च्या जानेवारीत वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि त्यातून उद्भवलेला चिरंजीतलाल चौधरी यांचा खटला भारतीय राज्यघटनेच्या इतिहासातील पहिल्या महत्त्वाच्या खटल्यांपैकी एक ठरला. त्या खटल्यात चर्चा झाली ती भागधारकाच्या मालमत्तेच्या हक्काची आणि कायद्यापुढील समानतेची. ज्याने तीस वर्षे साच्यावर उभे राहून काढली, त्या कामगाराची मालमत्ता कोणती आणि गिरणीच्या भोंग्याबरोबर ती बुडाली तर तिचे काय, हा त्या खटल्याचा विषय नव्हता. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा, म्हणजे कामगार ज्याला नुसते ‘फंड’ म्हणतात त्याचा पाया, 1952 मध्ये घातला गेला. जुन्या गिरणीची पहिली मोठी पडझड त्यापूर्वीची होती.

अशा शहराला जो धर्मविचार वारशाने मिळाला आहे, तो बाराव्या शतकातील शरणांचा. शरण म्हणजे बसवेश्वरांच्या भोवती कल्याण येथे जमलेले शिवभक्त. त्यांच्या विचारात दोन कल्पना केंद्रस्थानी आहेत. पहिली कायक, म्हणजे स्वतःच्या अंगमेहनतीने केलेले प्रामाणिक काम, जे पूजेइतकेच पवित्र मानले गेले. दुसरी दासोह, म्हणजे त्या कामातून आलेल्या मिळकतीतील स्वतःच्या गरजेपलीकडचा भाग नम्रपणे समाजाला अर्पण करणे. कायक नसेल तर दासोहाला अर्थ नाही आणि दासोह नसेल तर कायक केवळ कमाई होऊन बसते. या जोडीत उद्यासाठीच्या साठ्याला जागा कोठे आहे, हे मात्र सहज दिसत नाही, आणि शरण परंपरेतील एक प्रसिद्ध कथा तर त्या साठ्याच्या थेट विरोधात उभी राहते.

ही कथा आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याची आहे. बसवेश्वरांच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक होते, आणि त्या दाण्यांवरच घर चाले व शरणांना अन्न मिळे. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणला, तेव्हा लक्कम्मांनी तो स्वयंपाकात घेतला नाही. आजच्या गरजेपेक्षा अधिकाची हाव राजेलोकांना असेल, शिवभक्ताला ती शोभत नाही, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी पतीला केला आणि जादा तांदूळ परत टाकून यायला लावले. या कथेचा दरारा असा आहे की ती समोर ठेवल्यावर फंड, विमा, ठेव या सर्वच गोष्टी भक्तीतील उणीव वाटू लागतात. तथापि कथेचा बारकाईने विचार केला, तर तिच्यात एक गृहीत दडलेले दिसते. लक्कम्मा उद्याबद्दल निश्चिंत राहू शकतात, कारण त्या एकट्या नाहीत. ज्या अंगणात दाणे सांडतात ते अंगण उद्याही तेथेच असणार आहे आणि शरणांच्या त्या मेळ्यात कोणी उपाशी राहणार नाही, हा भरवसा त्यांच्या नकारामागे आहे. संचय नाकारण्याचे सामर्थ्य त्यांना एका समाजाने दिलेले आहे.

याच परंपरेतील दुसरे उदाहरण प्रत्यक्ष सोलापूरचे आहे. सोन्नलगी या गावाला, म्हणजे आजच्या सोलापूरला, कर्मभूमी करणारे सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातीलच. शहराभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना आणि आज ज्याच्या मध्ये त्यांचे मंदिर व समाधी आहे तो तलाव, ही दोन्ही कामे परंपरा त्यांच्या नावावर ठेवते, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक आजही त्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालते. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या पठारावर तलाव खोदणे याचा अर्थ स्पष्ट आहे: जे पाणी चार महिन्यांत पडते ते उरलेल्या आठ महिन्यांसाठी अडवून ठेवणे. हा साठाच आहे, आणि तोही दूरदृष्टीने केलेला. कायकाचा पुरस्कार करणाऱ्या परंपरेत ज्यांना फार मोठे स्थान मिळाले, त्या योग्याने आयुष्यातील उमेदीची वर्षे साठा करण्याच्या कामात घातली, ही गोष्ट लक्कम्मांच्या कथेशेजारी ठेवून पाहिली पाहिजे.

या दोन उदाहरणांत विरोध नाही, हे दाखवणे हाच या विषयाचा गाभा आहे. एकट्या माणसाने आपल्या म्हातारपणाची संपूर्ण तरतूद स्वतःच करायची ठरवली, तर त्याला सर्वांत वाईट शक्यता धरून चालावे लागते. आपण साठीत जाऊ की पंचाण्णव वर्षे जगू, हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याने पंचाण्णवचा हिशेब धरावा लागतो; दुखणे लहान येईल की मोठे, हे कळत नसल्यामुळे मोठ्या दुखण्याचे पैसे बाजूला ठेवावे लागतात. अशा रीतीने भीती वाढत जाते आणि तिच्याबरोबर साठाही वाढतो. याउलट हजारो माणसांनी एकत्र तरतूद केली, तर ती सर्वाधिक आयुष्यासाठी नव्हे, तर सरासरी आयुष्यासाठी पुरेशी असली तरी भागते. कारण जे लवकर जातात त्यांच्या वर्गणीतून, जे दीर्घकाळ जगतात त्यांचे पोषण होते. निवृत्तिवेतनाच्या सामुदायिक निधीचे गणित याच तत्त्वावर उभे असते. म्हणजे सर्वांनी मिळून साठवले, की प्रत्येकाला कमी साठवावे लागते. तलाव असलेल्या गावात घरोघरी पाण्याचे रांजण भरून दाराला कुलूप लावावे लागत नाही. सिद्धरामेश्वरांचा साठा असेल, तर लक्कम्मांचा असंचय शक्य होतो. आणि असा निधी हे दासोहाचेच एक रूप ठरते, कारण त्यात प्रत्येक जण आपल्या मिळकतीचा एक भाग अशा कोणासाठी तरी ठेवतो, ज्याचे नावही त्याला माहीत नसते.

इतर परंपरांचा विचारही याच दिशेला पुष्टी देतो. तुकाराम महाराजांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वपरिचित आहे. पण परंपरा असेही सांगते की धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची खते त्यांनी त्याला देऊन टाकली आणि बुडवली ती केवळ स्वतःच्या वाट्याची. त्यांनी जे सोडले ते इतरांच्या घामावरचा आपला दावा होता. दुसऱ्याची तरतूद परस्पर सोडून देण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही. जैन परंपरेत मुनीला पूर्ण अपरिग्रह सांगितला असला, तरी श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, परिग्रहपरिमाण सांगितले आहे: आपल्याला किती पुरे, याची मर्यादा त्याने आधीच व्रत म्हणून ठरवायची. पाली साहित्यातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा, असा उपदेश बुद्धांच्या तोंडी आहे. कुराणातील यूसुफ पैगंबरांच्या कथेत सुकाळाच्या सात वर्षांचे धान्य दुष्काळाच्या सात वर्षांसाठी राखण्याचा सल्ला आहे, आणि तो ईश्वरावरील अविश्वास नव्हे, तर ईश्वराने दिलेल्या ज्ञानाचा उपयोग मानला गेला आहे. या सर्वांचा एकत्रित निष्कर्ष असा की धर्माने निषेध केला तो हावेचा आणि मालकीच्या मदाचा; येणाऱ्या अडचणीचा आधी विचार करण्याचा नव्हे.

या ठिकाणी आश्रमव्यवस्थेचाही विचार करणे आवश्यक आहे, कारण भारतीय मनातील निवृत्तीची जुनी कल्पना तिच्यातून आली आहे. आयुष्याच्या चार टप्प्यांपैकी तिसरा वानप्रस्थ, म्हणजे संसाराची सूत्रे पुढच्या पिढीकडे देऊन मागे सरणे. या कल्पनेत मोठे शहाणपण असले, तरी ती एक गोष्ट धरून चालते: सूत्रे देण्याजोगे काही तरी हाताशी आहे, आणि ती घेणारा मुलगा सांभाळ करील. ज्याच्याकडे शेत नाही, दुकान नाही, केवळ दोन हात आहेत, त्याच्याजवळ मुलाला देण्यासाठी काही नसते, आणि मुलगा तर बहुधा पुण्याला कामाला गेलेला असतो. आईवडिलांच्या निर्वाहासाठी संसदेला 2007 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच जुना आधार किती सैल झाला आहे, हे दिसते. शिवाय वानप्रस्थाची मांडणी पुरुषाच्या आयुष्याभोवती केलेली आहे; स्त्रीचे म्हातारपण तीत पतीच्या किंवा मुलाच्या सावलीत गृहीत धरलेले आहे. सोलापुरात तर हा प्रश्न सर्वप्रथम स्त्रीचाच आहे, कारण विडी वळण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांच्या हातात आहे.

विडी कामगार स्त्रीचा दिवस डोळ्यांसमोर आणला, म्हणजे तरतुदीचा उपदेश कोणत्या जमिनीवर पडतो, ते कळते. कारखान्यातून तोलून मिळालेली तेंदूची पाने ती घरी भिजवते, पत्र्याच्या मापाने कापते, सुपात तंबाखू घेऊन मांडीवर ते सूप ठेवते, पान वळून दोऱ्याने बांधते, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. तपासणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या छाट म्हणून वजा होतात, आणि पान-तंबाखू जितके दिवस मिळेल तितकेच दिवस काम भरते. पन्नाशी उलटली की नजर आणि बोटे मंदावतात, म्हणजे मजुरी सर्वांत अधिक लागते त्या वयात ती सर्वांत कमी होते. घरी बसून विडी वळणारी स्त्री ही कामगारच आहे आणि तिला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, हे पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये स्पष्ट केले. विडी उद्योगात वर्गणीचा दर मजुरीच्या 10 टक्के आहे. मालकाच्या 10 टक्क्यांपैकी 8.33 टक्के कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 1995 या सामुदायिक निधीत जातात.

या योजनेचे सूत्र असे आहे की निवृत्तिवेतनास पात्र सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागले असता मासिक निवृत्तिवेतन मिळते. ते वयाच्या 58 व्या वर्षी सुरू होते आणि त्यासाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. समजा, सरासरी वेतन 5,000 रुपये आणि नोंदलेली सेवा 14 वर्षे असेल, तर उत्तर 1,000 रुपये येते. सप्टेंबर 2014 पासून किमान निवृत्तिवेतनही 1,000 रुपयेच ठरले आहे. ज्या सूत्रात वेतन आणि वर्षे यांचाच गुणाकार आहे, त्यात कमी मजुरी आणि तुटक नोंद यांचाही गुणाकार होतो. माहेरचे नाव फंडाच्या कागदावर आणि सासरचे आधार कार्डावर, एवढ्या फरकानेही हक्काची रक्कम अडून राहू शकते. म्हणून अशा स्त्रीला तिने वेळीच बचत का केली नाही, असे विचारणे हा धर्मविचार नव्हे. तिची बचत तिच्या हाती येण्यापूर्वीच मजुरीच्या दरातून कापली गेलेली असते.

येथे भारतीय न्यायविचार आणि शरणांचा विचार एकमेकांजवळ येतात. डी. एस. नाकरा यांच्या खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मालकाच्या किंवा सरकारच्या मर्जीवरची खैरात नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, अशी भूमिका घेतली. तो खटला सरकारी सेवकांचा होता. परंतु त्यामागील तत्त्व कायकाच्या कल्पनेत लावून पाहिले, तर ते सर्व श्रमिकांना लागू पडते. श्रम जर पूजा असेल, तर त्या श्रमाची मजुरी केवळ श्रमाच्या दिवसांपुरती असू शकत नाही. ज्या शरीराने ती पूजा केली त्या शरीराचा थकवाही त्या मजुरीत धरला पाहिजे. तो न धरता काम करून घेणारा मालक, कारखानदार, व्यापारी किंवा ग्राहक दुसऱ्याच्या कायकाचा काही भाग फुकट घेत असतो, आणि त्याने नंतर अन्नछत्रात कितीही दान केले, तरी त्याला दासोह म्हणता येत नाही. उतारवयाच्या तरतुदीचा धार्मिक प्रश्न म्हणूनच आधी काम देणाऱ्याला, मग समाजाला आणि शेवटी काम करणाऱ्याला विचारला पाहिजे. समाजाने तो मनावर घेतला तर काय होऊ शकते, याची खूण सोलापूरजवळच कुंभारी येथे आहे: विडी कामगार स्त्रियांच्या दीर्घ लढ्यातून 2006 मध्ये तेथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली आणि 19 जानेवारी 2024 रोजी तेथीलच रे नगर या वसाहतीतील 15,000 घरे यंत्रमाग, विडी व इतर असंघटित कामगारांना मिळाली. म्हातारपणी भाड्याची चिंता नसणे ही पहिली आणि सर्वांत मोठी तरतूद आहे.

तरीही शेवटी येणारा प्रश्न टाळता येत नाही. ज्याच्या हाती महिन्याला थोडे का होईना उरते, त्याने ते बाजूला ठेवणे हे कर्तव्य आहे, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितके हलके असते. 2015 मध्ये सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत साठीनंतर दरमहा 5,000 रुपये मिळावेत म्हणून अठराव्या वर्षी सामील होणाऱ्याला दरमहा 210 रुपये भरावे लागतात, तर चाळिसाव्या वर्षी सामील होणाऱ्याला 1,454 रुपये. हा फरक केवळ काळामुळे पडतो. परंतु काळ दोन्ही बाजूंनी काम करतो: महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर सुमारे 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो, आणि अठरा वर्षांच्या मुलाला साठाव्या वर्षी मिळणारे 5,000 रुपये आजच्या साधारण 430 रुपयांच्या मोलाचे राहतात. त्यामुळे एकदा हप्ता सुरू केला आणि निश्चिंत झालो, असे होत नाही. मिळकत वाढेल तसा बाजूला ठेवण्याचा भागही वाढवावा लागतो. पेठांमधील स्त्रिया भिशी लावतात, बचत गटात पैसे ठेवतात, गुंजभर सोने घेतात. व्याज निषिद्ध मानणारी मुस्लिम कुटुंबे सोन्याचा किंवा भाड्याच्या खोलीचा आधार शोधतात. या सर्व मार्गांना अर्थ आहे. मात्र भिशीचा पैसा बहुधा लग्नकार्यात आणि आजारपणात संपतो. म्हणून म्हातारपणाचा भाग वेगळा आणि सहज हात न पोहोचणारा ठेवणे, तसेच मोठ्या दुखण्यासाठी आरोग्यविम्याची सोय करणे, हा विवेक आवश्यक ठरतो.

किती पुरे, हा मात्र हिशेबवहीने न सुटणारा प्रश्न आहे. परंपरेतील कथा सांगते की अल्लमप्रभू हे शरण सोन्नलगीला आले, तेव्हा तलाव खोदण्यात मग्न असलेल्या सिद्धरामेश्वरांना त्यांनी दगडमातीच्या कामावरून टोकले. लोकांसाठी केलेल्या कामातही ‘हे मी केले’ हा भाव शिरला, तर ते काम बंधन होते, हा त्यांचा आक्षेप होता, आणि सिद्धरामेश्वरांनी तो मानून अंतर्मुख साधनेचा मार्ग धरला. साठ्याचा हाच धोका आहे. आकडा वाढू लागला की तो साधन न राहता माणसाच्या किमतीचे माप बनतो, आणि मग कोणताही आकडा पुरेसा वाटत नाही. जैन श्रावकाप्रमाणे मर्यादा आधी ठरवणे हा त्यावरील उपाय आहे: डोक्यावर छप्पर, दोन वेळचे अन्न, औषध, आणि दारी आलेल्याला काही देता येईल एवढे. यांतील शेवटची बाब चैनीची नाही. ज्या धर्मविचारात देणे हा भक्तीचा भाग आहे, त्यात म्हातारपणी केवळ घेणारा होऊन राहावे लागणे ही माणसाच्या भक्तीवरच आलेली बंदी आहे. सुखाच्या निवृत्तीचा खरा अर्थ देणारा हात शेवटपर्यंत देता राहावा, हा आहे.

पूर्व भागातील पद्मशाली समाज आपले मूळ ज्या मार्कंडेय ऋषींशी जोडतो आणि नारळी पौर्णिमेला ज्यांचा रथ काढतो, त्या मार्कंडेयांचा सोळाव्या वर्षीचा मृत्यू शिवाच्या कृपेने टळला आणि त्यांना चिरंजीवित्व मिळाले, अशी कथा आहे. त्यांच्या भक्तांना मात्र वय चुकत नाही. देवाची कृपा वार्धक्य टाळत नाही, हे मान्य केले, की ती कोणत्या रूपाने येते, याचा विचार करता येतो. आणि शरणांचे उत्तर असे असावे की ती माणसांच्या एकमेकांसाठी केलेल्या कामातून येते. म्हणून उद्यासाठी राखून ठेवणारा श्रद्धाहीन नाही आणि राखून ठेवू न शकणारा उधळ्या नाही. श्रद्धेची परीक्षा द्यायची आहे ती त्या समाजाने, जो श्रमाला पूजा म्हणतो आणि हजार विड्यांचा दर ठरवताना विडी वळणाऱ्या स्त्रीची साठीनंतरची वर्षे हिशेबात धरत नाही. ती वर्षे मजुरीत धरली गेली, नोंद चोख राहिली आणि सामुदायिक निधी पुरेसा भरला, तरच लक्कम्मांसारखे ‘आजच्यापुरते पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार पेठेतल्या शेवटच्या घरालाही मिळेल.